पुसली न जाणारी चार अक्षरे

मित्रांनो, मी लाकडी फळा आहे. वयाने जुना आहे, पण मोडीत निघालेलो नाही. कुंभवलीत कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटे वाचनालय आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. पहिल्या पाळीचे सगळे लोक माझ्यासमोरून जातात.

मनोरच्या एका सुताराने पाच सागवानी फळ्या जोडून मला घडवले. एका शाळेत मी वीस वर्षे काढली. खडू माझ्यावर छान उमटतो, असे तपासायला येणारे साहेबही म्हणत. मग पांढरे, गुळगुळीत फळे आले आणि मला मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवले. चार पावसाळे मी पालथा पडून होतो. पालथ्या फळ्याला काही वाचता येत नाही, एवढे मला त्या काळात कळले.

मंदाबाईंनी मला तिथून आणले. त्या रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी मला घासले, काळा रंग दिला आणि दर सोमवारी माझ्यावर एक कोडे लिहायला सुरुवात केली. एकच शब्द ओळखायचा. कोड्याच्या एका भागात शब्दाचा अर्थ असे, दुसऱ्या भागात त्याची अक्षरे कशी जुळवायची ते असे. "एकही शब्द उगाच बसलेला नको," असे बाई म्हणत. बिडी ओढता ओढता लोक कोडे सोडवत.

सगळ्यांत पटाईत होते कमलेशभाई. ते वाचनालयाचे चिटणीस आणि शेजारच्या एका कारखान्यात कामगार अधिकारी. एकदा त्यांचे उत्तर ओठांवर आलेले असताना बाईंनी कोडे पुसून टाकले. ते इतके चिडले की त्यांनी तेलरंग आणून माझ्या खालच्या कडेला नियमच लिहिला : "सोडवणाऱ्याने उत्तर स्वतःच्या हाताने लिहावे, अर्थ मोठ्याने सांगावा, खाली नाव घालावे. तोवर कोणीही पुसू नये." तो रंग अजून गेलेला नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी लाडकी नवऱ्याला हाताला धरून बाईंकडे आली. नवरा म्हणजे सुका. तो कमलेशभाईंच्याच कारखान्यात पावडरीच्या गोण्या भरत असे.

"बाई, ह्याचं नाक मेलंय," लाडकी म्हणाली. "परवा बोंबलाचा कोळसा झाला, हा बाजूला बसून हसतोय. काल गॅस उघडा, आन् हा माचिस घेऊन उभा. मी हात धरला म्हणून आज आमी दोघं दिसतोय."

"बायकोचं नाक हाय ना," सुका म्हणाला. "दोघांत एक पुरतंय."

"पुरतंय! मी माहेरी गेले मंग?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सुकाचे डोळे बांधले आणि त्याच्या नाकाखाली एकेक वस्तू धरली. सुके बोंबील, कॉफी, रॉकेल. तिन्ही वेळा सुका म्हणाला, "धरा की आता."

सुकाच्याच खात्यातल्या आणखी चौघांचे असेच होते. कारखान्याच्या डॉक्टरने पाचही कागदांवर 'सर्दी' लिहिले होते. बाई कमलेशभाईंना भेटल्या. "यांची नीट तपासणी करा. त्या खात्यातून आत्ता हलवले तर वास परत येण्याची आशा आहे. उशीर झाला तर नाही."

"बाई, डॉक्टरने सर्दी लिहिलंय ना? मग सर्दी," कमलेशभाई म्हणाले. "तुम्ही कोडी घाला. ती तुम्हाला छान जमतात."

त्या सोमवारी बाईंनी तेच केले. वैद्यकाच्या जाड कोशातून त्यांनी एक शब्द काढला. तो फारसा कोणाच्या ओठांवर नसतो : अघ्राणता. म्हणजे वास न येणे.

पहिल्यांदा त्यांनी अर्थाच्या जागी लिहिले, "साहेब म्हणतात ती सर्दी नव्हे." दोन पावले मागे जाऊन वाचले आणि पुसले. "हा राग झाला, अर्थ नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. शेवटची दोन अक्षरे सोपी होती, 'ताण' उलटा केला की ती मिळत. अडत होते ते 'घ्रा'. ते अक्षर सहजासहजी कुठल्या शब्दात सापडत नाही. बाईंनी लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. खडूची भुकटी त्यांच्या कोपरापर्यंत आली. शेवटी त्यांना वाघाच्या कातड्याचे आसन आठवले, व्याघ्रासन, आणि माझ्यावर हे उमटले :

"आधी अ, मग व्याघ्रासनातले दुसरे, मागे उलटा ताण. घरात बोंबील जळाले तरी पत्ता न लागण्याचा आजार. (चार अक्षरे)"

कमलेशभाई आले, चष्मा वर करून वाचू लागले. दोन मिनिटांत त्यांचा चेहरा बदलला. मी इतकी वर्षे तोंडे पाहतोय. उत्तर सापडलेले तोंड मला ओळखता येते.

"हे पुसा, बाई."

"उत्तर लिहा आणि पुसा," बाई म्हणाल्या.

कमलेशभाईंनी उत्तर लिहिले असते, तर अर्थही मोठ्याने सांगावा लागला असता. ते निघून गेले.

बुधवारपर्यंत भावेश नावाच्या फिटरने कोडे सोडवले आणि सगळ्या पाळीला उत्तर सांगितले. पण लिहिले कोणीच नाही. लिहिले तर पुसले जाईल, हे सगळ्यांनी ओळखले होते. कमलेशभाई एकेकाला विचारत, "काय रे, तुला येतंय ना? लिही की."

"नाय बा. लई अवघड हाय, साहेब."

"वाघापर्यंत आलो, पुढं नाय जमत."

तीन आठवडे कुंभवलीतली सगळी माणसे अडाणी झाली. वाणगावहून कामाला येणारे लोकही थांबून वाचू लागले. "बोंबील जळाले तरी" हे ज्याला लागू होते, तो बोट नाकाला लावी. पाचाचे अकरा झाले.

कमलेशभाई पुन्हा आले. "या छपराचे पत्रे कारखान्याने दिलेत, बाई. उद्या काढून नेतील."

"न्या," बाई म्हणाल्या. "फळा चार पावसाळे बाहेर पडून होता. त्याला सवय आहे."

मी भिंतीला पाठ घट्ट टेकवली. पत्रे जागेवरच राहिले.

चौथ्या सोमवारी कारखाना पाहायला बाहेरचे पाहुणे यायचे होते. कमलेशभाई सकाळीच ओले फडके घेऊन आले. पाळी बदलत होती, रस्ता भरलेला होता. फडके माझ्यापासून वीतभर अंतरावर आले, तेवढ्यात भावेश म्हणाला, "सोडून द्या, कमलेशभाई. तुमाला पण नाय आलं म्हणजे अवघडच असंल. आमी कुणाला सांगणार नाय."

मागून हसण्याची लाट आली. कमलेशभाईंनी आजवर एकही कोडे अर्धे सोडलेले नव्हते. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी फडके खिशात कोंबले, खडू उचलला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले : अघ्राणता. खाली स्वतःचे नाव घातले.

"आन् अर्थ?" लाडकीने विचारले.

त्यांनी खडू खाली ठेवला. समोर चाळीस माणसे उभी होती. "वास न येण्याचा आजार," ते म्हणाले.

सुका पुढे आला. "मंग ही सर्दी नाय ना, साहेब?"

कमलेशभाईंनी आपल्याच नावाकडे पाहिले.

"नाही," ते म्हणाले.

"आता पुसा," सुका म्हणाला. "आमी ऐकलं."

त्यांनी पुसले. पण त्याच आठवड्यात अकरा जणांना तपासणीसाठी पालघरला पाठवण्याचे पत्र निघाले आणि त्यात हाच शब्द होता, कमलेशभाईंच्या सहीसकट. सुका आता पॅकिंगला आहे. अकरांपैकी चौघांना थोडाथोडा वास येऊ लागला आहे. सुकाला अजून नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने फळे आमची काळजी घ्या म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. रंग द्या, नका देऊ. फक्त माझ्यावरचे काही पुसायला कोणी आले, तर त्याला आधी ते मोठ्याने वाचायला लावा.