आईचा कुकर, चालू स्थितीत

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. सात लिटरचा, ॲल्युमिनियमचा, एके काळी एका कानाने सैल. तरीही सरकारी कागदात माझी नोंद ‘उपकरण’ अशी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

लेकीच्या, क्षिप्राच्या, बारशाच्या वर्षी कौशल्याबाईंनी मला दिल्लीतल्या करोलबागेतून आणले. द्वारकेच्या घरी होळीला माझ्यात पुरणाची डाळ शिजे, तेव्हा शेजारच्या पंजाबी बायका वासाने दारात येत. ते दिवस आठवले की अजून माझी शिट्टी दाटून येते.

पुढे क्षिप्रा शास्त्रज्ञ झाली. भाताचा पेंढा जाळून दिल्लीभर धूर करण्याऐवजी तो शेतातच कुजवणारी एक बुरशी तिला सापडली. ती वाढवायची तर बाटल्या आधी दाबाच्या वाफेत निर्जंतुक कराव्या लागतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाचे मोठे यंत्र असते. तिच्या संस्थेतले बंद पडले होते. एक दिवस तिने मलाच पिशवीत घातले.

“आई, संशोधनाला सरकारी ग्रँट मिळाली की परत आणते.”

“होळीच्या आधी मिळेल ना गं?”

“बिल्कुल!”

बिचाऱ्या कौशल्याबाई! कोणती होळी, हे त्यांनी विचारून घ्यायला हवे होते.

प्रयोगशाळेत माझी शिट्टी झाली की शेजारच्या खोलीतून तिथले ज्येष्ठ शास्त्रज्ञ हरिदाससर ओरडत, “क्षिप्रा, राजमा झाला का?” मी मान खाली घालून बाटल्या उकळत राही.

तिचे दोन अर्ज नामंजूर झाले. तिसरा शेवटचा होता. तरुण शास्त्रज्ञांच्या त्या योजनेला वयाची अट होती आणि पुढच्या वर्षी क्षिप्रा ती ओलांडणार होती. मग बुरशी बाटलीतच राहिली असती. आम्ही दोघे एकाच वयाचे, पण मला कुणी वय विचारत नव्हते.

‘उपलब्ध साधने’ या रकान्यात तिने ‘काही नाही’ असे लिहिले. हरिदाससरांनी कपाळाला हात लावला.

“अरे यार, काहीच नाही म्हटलंस तर ते म्हणतील, हिला कशाला द्यायचं? काहीतरी दाखव!”

म्हणून तिने लिहिले, ‘वाफेवर निर्जंतुक करणारे उपकरण, एक, चालू स्थितीत.’ मित्रांनो, त्या दिवशी मी आनंदाने फुगलो.

मग तज्ज्ञांच्या समितीपुढे तिची मुलाखत झाली. तिथली हकिगत तिने परत आल्यावर मला घासता घासता हरिदाससरांना सांगितली. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “मशीन तो आपके पास है, फिर नई क्यों? कौन सी कंपनी की है?”

क्षिप्रा म्हणाली, “सर... मेरी माँ की है।”

मग सगळे इतके हसले, की एकांचा चहा सांडला. एक वयस्कर बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “बेटा, रिंग कितने दिन चलती है?”

“मॅडम, पिछले महीने ही फटी।”

बाईंनी काहीतरी टिपून घेतले.

अखेर ईमेल आला. ग्रँट मंजूर! क्षिप्रा नाचली, हरिदाससर नाचले. मग तिने खालचे बारीक अक्षर वाचले. ऑटोक्लेव्ह नामंजूर, कारण, उपलब्ध आहे. रबरी रिंगा मात्र मंजूर, पूर्ण मुदतीसाठी.

घरी कौशल्याबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे सरकारने मला रिंग दिली आणि माझा कुकर घेतला!”

त्या रागावल्या होत्या, पण डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत येऊन माझा सैल कान स्वतः आवळून दिला आणि क्षिप्राला बजावले, “चिंचेने घास गं त्याला, आतून काळा पडलाय.”

मित्रांनो, आता होळीला घरी नवा कुकर शिट्टी देतो. माझी एवढीच विनंती आहे. जुन्या भांड्याला वेळेवर नवी रिंग घाला, चिंचेने घासा, आणि दाब उतरल्याशिवाय झाकण ओढू नका. सध्या क्षिप्राला पहिला वार्षिक अहवाल लिहायचा आहे. तेव्हा तिच्याशीही जरा तसेच वागा.