लाल वायरीचा घोर

मी एक जुनी लाल वायर आहे. बोटाएवढी जाड. मित्रांनो, एवढी जाडजूड असूनही मी स्वभावाने फार भित्री आहे. पण माझी गोष्ट ऐकलीत तर तुम्ही मला हसणार नाही.

कारखान्यात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा पिळून मला घडवले, वर मऊ लाल आवरण चढवले. पुढे एका चित्रकलेच्या मास्तरांनी मला दुकानातून कापून नेले. मास्तरांना गाण्यांचे भारी वेड. आपल्या जुन्या गाडीच्या डिकीत त्यांनी आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि सबवूफर म्हणतात ते ढमढम वाजणारे दोन दांडगे स्पीकर बसवायला घेतले होते. पुढच्या बॅटरीतून मागे डिकीपर्यंत वीज नेणे हे माझे काम.

मास्तरांची ताई बस डेपोत इलेक्ट्रिशियन. तिने फोनवर सगळे समजावले. शेवटी घाईघाईने म्हणाली, "आणि फ्यूज जवळ लाव हं, लांब नको. ठेवते, गाडी आलीय."

मास्तरांनी फ्यूज लावला, पण कुठे? डिकीत, ॲम्प्लिफायरजवळ! "बदलायला हाताशी बरा," असे वर स्वतःशीच पुटपुटले. अहो, ताईच्या मनात होते बॅटरीजवळ! वीज बेफाम धावली की फ्यूज स्वतः जळून वाट बंद करतो. तोच माझ्या शेपटाला बसवला, तर मधल्या एवढ्या लांबीला वाली कोण? त्यात मागच्या सीटमागच्या पत्र्याला भोक पाडून मला ओढून घेतले, आणि त्या भोकाला रबराचे कडे घालायचे राहूनच गेले.

गाणी सुरू झाली आणि गल्लीत वाहवा झाली. "काय दणका आहे हो मास्तर!" सगळे कौतुक सबवूफरच्या वाट्याला. मी गालिच्याखाली, कोणाच्या ध्यानीमनी नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही. माझ्या जिवाला घोर होता तो वेगळाच.

गाडी हादरली की पत्र्याची धार मला घासायची. उघडे तांबे पत्र्याला टेकले असते, तर बॅटरीची सगळी ताकद माझ्यातून सुटली असती. मी लालबुंद तापले असते, वरचा गालिचा पेटला असता. आणि मागच्या सीटवर मास्तरांची लेक असायची. लाडाने तिला चिमणी म्हणत. गाडीत बसली की लगेच झोपायची. प्रत्येक खड्ड्याला मी अंग चोरून घ्यायची.

एका सुट्टीला ताईही बरोबर निघाली. चिमणी आत्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपली. रस्ता उखडलेला. एका जोरदार धक्क्यात माझे उरलेसुरले आवरण फाटले. पत्रा आता केसभर लांब होता.

"झक्कास वाजतंय रे," ताई म्हणाली. "फ्यूज कुठे बसवलास?"

"जवळच की, तू म्हणालीस तसा."

"कशाच्या जवळ?"

"ॲम्पच्या."

ताईचा चेहरा उतरला. "गाडी बाजूला घे. गाणं बंद कर, इंजिन बंद कर."

"अगं, पण झालं काय?"

"आधी पोरीला उचल!"

मास्तरांनी चिमणीला उचलून लांब नेले. ताईने बॉनेट उघडले आणि पान्ह्याने बॅटरीची निगेटिव्हची तार सोडवली. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. मग तिने सीट पुढे ओढली. चिमणीला कडेवर घेऊन मास्तर डोकावायला आले आणि माझे उघडे तांबे पाहताच त्यांनी तिला घट्ट धरले.

"मी रोज हिला यातून फिरवत होतो, ताई."

"मीही अर्धवटच बोलले ना! बॅटरीजवळ, एवढं म्हणायला माझी जीभ झिजणार होती का?"

आता त्या गाडीत नवी वायर आहे. तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे, आणि जिथे जिथे ती पत्र्यातून जाते तिथे रबराचे कडे आहे. मी खोक्यात पडून असते, फाटकी पण निर्धास्त.

मित्रांनो, तुमच्या गाडीत कोणी असे काही बसवले, तर मोठ्यांना विचारा: फ्यूज कुठे आहे, वायर कुठे घासत तर नाही ना? ते वैतागले तरी विचारा. आम्हा वायरींना ओरडता येत नाही हो. तुम्हाला येते.