टेबलापलीकडची पाणीपुरी

मास्तरांनी एकदा गाडीवर एका दमात एकावन्न पाणीपुऱ्या खाल्ल्या आणि ठसका गाडीवाल्याला लागला, असं सांगतात. पटत नसेल तर चाळीस धरा. त्याखाली उतरणं शक्य नाही.

पण डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब दोन्हींचे आकडे वाचून दाखवले आणि हे शिंपी मास्तर सुतासारखे सरळ झाले. इतके, की जेवणच तुटलं. पानावर बसायचे, शितं चिवडायचे, उठायचे. दर आठवड्याला स्वतःचीच विजार आत घ्यायचे. काजं-बटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोने तीच शिवण चौथ्यांदा उसवलेली पाहिली. असंच चाललं तर महिन्याभरात विजारीत माणूस सापडायचा नाही.

तिने डॉक्टरांना गाठलं.

"पंधरवड्यातून एकदा, सहा पुऱ्या," ते म्हणाले. "बटाट्याऐवजी मोडाचे मूग, मीठ बेताचं, गोड चटणी नावाला."

तिने मूग वाफवले, पुदिना वाटला, मिठाची कसर लिंबाने आणि भाजल्या जिऱ्याने भरून काढली. पाणी असं झणझणीत, की भिंतीवरची पाल शेपूट टाकून पळाली. पण घाईघाईत तिने सहाही पुऱ्या एकदम भरून ताटात मांडल्या. मास्तर हात धुऊन येईतो लगदा.

"ही काय पाणीपुरीची खीर?" मास्तरांनी ताट सारलं.

तिचे डोळे भरून आले. मग तिने पदर खोचला, कापडाचे तागे बाजूला केले आणि पुड्यातल्या उरलेल्या पुऱ्या घेऊन कातरकामाच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली.

"अहो गिऱ्हाईक, या पुढे. इथे उभ्यानेच मिळतं."

तीस वर्षांत मास्तर त्या टेबलाच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी वाटी पुढे केली. पुरी फुटली, भरली, बुडाली, वाटीत आली. कुरकुरीत.

"सावकाश चावा. पहिली गिळल्याशिवाय दुसरी नाही."

नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सहा संपल्या.

"सातवी?"

"दुकान बंद."

ती हात पुसायला लागली, तेव्हा मास्तरांना तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरलेल्या दिसल्या. नजरेने जगाचं माप घेणारा माणूस, घरातलंच चुकला होता.

"तू कधीपासून नीट जेवली नाहीस?"

"तुम्ही टाकलंत, तेव्हापासून."

मास्तर वळसा घालून टेबलामागे आले. "हो त्या बाजूला."

त्यांनी पुरी फोडली, मूग अंमळ जास्तच घातले.

"गोड चटणी घाला की जरा," ती म्हणाली. "मला कुठे बंदी आहे?"


मास्तरांनी घातली, आणि तिची पहिली चावून होईपर्यंत दुसरी हातात धरून उभे राहिले.