गास्ताँचं मत

"आज या खोलीत युरोपचं भवितव्य ठरणार आहे," असं जाहीर करून त्या फ्रेंच खेड्याचे मेयर पेल्तिए मतपेटीच्या किल्लीसाठी खिसे चाचपू लागले. किल्ली बायकोकडे होती आणि बायको चर्चमध्ये. भवितव्य थोडं लांबलं.

रांगेत पहिली सोलांज. तिला दोन मतं द्यायची होती, एक स्वतःचं, एक नवऱ्याचं. अंथरुणाला खिळलेल्या गास्ताँनं तिच्या नावे मुखत्यारपत्र केलं होतं. ते करायला घरी आलेल्या पोलिसानं बजावलं होतं, मतदानाआधी माणूस गेला तर मुखत्यारी रद्द. गास्ताँ म्हणाला होता, प्रयत्न करतो.

प्रयत्न आज पहाटे संपला. सोलांजनं त्याचे डोळे मिटले, आपला ठेवणीतला कोट चढवला आणि कुणाला न सांगता टेकडी उतरून आली.

"म्हातारा कसा आहे?" मेयरनी विचारलं.

"आज शांत आहे."

"आणि खोकला?"

"थांबला."

"बघा, औषध लागू पडलं."

सोलांजचे वडील जर्मनांच्या कैदेत मेले, पुन्हा युद्ध नको, म्हणून आज मताला टाकलेल्या युरोपच्या सामाईक राज्यघटनेला तिचा होकार. गास्ताँ जिथं जन्मभर राबला ती सूतगिरणी स्वस्त मजुरीसाठी पूर्वेकडे गेली, म्हणून त्याचा नकार. घटनेचं घरोघरी आलेलं पुस्तक त्यानं भिंग लावून वाचलं, तिनं उघडलंही नाही. भांडले मात्र दोघं सारख्याच तयारीनं.

"तुमची मतं एकमेकांना खाणार," मेयर म्हणाले. "घरीच बसायचं की दोघांनी."

"लग्न झाल्यापासून तेच चाललंय."

किल्ली आली. सोलांज पडद्याआड गेली.

काल रात्री गास्ताँ म्हणाला होता, "तू मला फसवणार."

"फसवणारच," ती म्हणाली होती. तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला.

आता जाब विचारायला कुणी नव्हतं. वडिलांसाठी दोनदा हो म्हणता आलं असतं. ती इतका वेळ उभी राहिली की बाहेर कुणीतरी खाकरलं. मग तिनं एका पाकिटात होकाराची चिठ्ठी घातली, दुसऱ्यात नकाराची. नकाराच्या चिठ्ठीची घडी जरा जास्त जपून घातली.

पहिलं पाकीट पेटीत पडलं. "सोलांज मेर्सिए, मत दिलं," मेयरनी रिवाजाप्रमाणे ठणकावून सांगितलं. दुसरं पडलं. "गास्ताँ मेर्सिए, मत दिलं."

तिनं दोन्ही सह्या केल्या आणि मेयरकडे वाकून हळूच म्हणाली,

"दोन माणसं मिळतील का? गास्ताँला माडीवरून खाली आणायचंय. घाई नाही, जेवून आले तरी चालेल."