उंटाची शेवटची बास्केट

आमची बास्केटबॉलची टीम, पगारी खेळाडूंची बरं का, दुसऱ्या शहरात गेली त्याला बारा वर्षं झाली. आता म्हणे तिचा इतिहास लिहायचाय. टीमच्या ऑफिसातली एक पोर वही घेऊन माझ्या दारात हजर. पहिल्या वर्षापासूनचे दोघेच उरलोय ना! मी, जर्सी शिवणारी, आणि उंट.

उंट म्हणजे आमचा सगळ्यात ताडमाड गडी. कपडे बदलायच्या खोलीत बसून मी सुई चालवता चालवता थाप ठोकली, की हा कोपऱ्यातून ओरडायचा, "बाई, टाका सुटला!" मग आमची जी जुंपायची! टीम गेली तसा तो लेकीकडे राहायला गेला. आधी दर रविवारी फोन, मग कधीमधी, मग नाहीच. मी केला तर लेक म्हणते, "झोपलेत."

म्हणून पोरीला सांगितलं, "पहिल्या फायनलला शेवटच्या क्षणी उंटाच्या चड्डीचं इलॅस्टिक तुटलं. एका हातानं चड्डी धरली, दुसऱ्यानं बास्केट केली, आणि आपण जिंकलो!"

साफ खोटं. बास्केट त्यानं दोन्ही हातांनी केली होती. आणि माझं इलॅस्टिक? जन्मात तुटलं नाही.

"छापायच्या आधी उंटाला वाचून दाखव हं," म्हटलं.

हे ऐकून गप्प बसेल तो? फोन करून माझा उद्धारच करील! आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपले. आंघोळीलाही सोबत नेला.

शेजारीण म्हणाली, "आजी, कुणी मागणी घालणारेय का?"

"घातली तर तुला आधी सांगीन, जळायला."

फोन काही आला नाही. पोर आली.

"आजोबा इतके हसले! म्हणाले, अस्संच झालं होतं."

"भांडला नाही?"

"छे! लेक म्हणाली, हल्ली त्यांना काही आठवत नाही. पण हे तीनदा वाचायला लावलं."

मी तिची वही ओढली. "अगं, खोटं आहे ते. खोड आधी!"

"आजी, आता तुमच्या थापा कळतात मला," ती हसली. "खोटं कसं असेल? स्वतः आजोबांनी सांगितलंय, अस्संच झालं."

मी उठले. दोन्ही हात वर करून, टाचा उचलून दाखवलं, त्यानं बॉल कसा सोडला ते.

"वा! अश्शाच थांबा," ती म्हणाली, "फोटो काढते."