ते रक्त त्यांचं नव्हतं

मी रक्ततपासणीच्या लॅबमधला संगणक, कोपऱ्यातल्या टेबलावरून बोलतोय. मला आवाज नाही, म्हणून जे सांगायचं ते पडद्यावर एका ओळीत सांगत आलो.

यंत्रातून आकडे आले की मी ते त्या माणसाच्या जुन्या आकड्यांशी ताडून पाहतो. काही खटकलं तर लाल ओळ लिहितो. सुरुवातीला मी ऊठसूट लाल व्हायचो. लॅबच्या डॉक्टरबाई वैतागायच्या, याला शिंकसुद्धा आजार वाटते म्हणायच्या. मग त्यांनीच बसून माझे नियम नीट केले.

एकदा एका बसचालकांचं रक्त आलं, नोकरीतल्या तपासणीसाठी. साखरेची तीन महिन्यांची सरासरी अगदी झकास. पण महिन्याभरापूर्वी ते स्वतःहून येऊन गेले, तेव्हा हाच आकडा भलताच वर होता. ही सरासरी अशी धाडकन उतरत नसते. तांबड्या पेशींचा आकारही जुळेना. मी लिहिलं, 'हे रक्त त्याच व्यक्तीचं वाटत नाही.'

बाईंना वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. सगळं तपासलं, चूक सापडेना. त्यांनी चालकांना बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"रक्त कोणी दिलं?"

"धाकट्या भावानं. माझं नाव सांगून. साखर दिसली तर गाडी जाईल हो हातातून."

"आणि चालवताना समोरचं दिसेनासं झालं तर?"

"झालं होतं," ते खाली मान घालून म्हणाले. "गेल्या आठवड्यात. गाडी बाजूला घेतली. घरी कुणाला बोललो नाही."

माझ्या लेखी दोन आकडे जुळत नव्हते, एवढंच. हे मात्र माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

बाईंनी त्यांचं स्वतःचं रक्त घेतलं आणि खरा अहवाल त्यांच्या बस आगाराला पाठवला; उपचारांनी साखर आटोक्यात येईल, असंही लिहिलं. आगारानं त्यांना गाडीवरून उतरवून तिकीटखिडकीत बसवलं. पुढे तपासणीला यायचे तेव्हा ते बाईंशी एक शब्द बोलायचे नाहीत. मी कुणाच्या पोटावर पाय दिला, हे मला तेव्हा कळलं. साखर मात्र उतरत गेली, सावकाश, जशी खरी उतरते.

परवा दोघे भाऊ आले. थोरल्यांना गाडी परत मिळाली होती. धाकटा म्हणाला, आता माझंही तपासा, माझ्याच नावानं. नाव नवं होतं, पण रक्त माझ्या ओळखीचं होतं. मी काही लिहिलं नाही.

आता माझ्या जागी नवा संगणक येतोय. बाई माझे नियम त्याच्यात भरताहेत. तो माझ्यापेक्षा हुशार असेल. तरी रक्तात जे दिसत नाही, ते त्यालाही दिसणार नाही. तेवढं समोरच्या माणसाला तुम्हीच तोंडानं सांगा.