एकच हाक

खोलीतले दिवे मालवले, पडद्यावर भूत आलं, आणि मिरच्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेली यशोदामावशी फिस्सकन हसली.

"अगो बाय माझ्या! भुताच्या पायांत चप्पल आसा मगो!"

मग काय, खोलीभर हशा. फणसाखाली केस सोडून उभी राहिलेली वर्गातली सेजल, तिच्या डोळ्यांखालचं काजळ, वर ढोलांचा दणका, सगळं मुसळ केरात. मागच्या भिंतीला टेकून निहार नखं कुरतडत राहिला. तीन महिने घाम गाळावा आणि लोकांनी पोट धरून हसावं!

बाजारातली माणसं बोलावण्याची कल्पना गोकुळदास सरांची. म्हापशात ते मुलांना सिनेमा शिकवत. पणजीच्या विद्यार्थी महोत्सवाला आधी ट्रेलर पाठवायचा होता. तो निवडला गेला तरच पुढे अख्खा सिनेमा करायला मिळणार होता. "घरची माणसं गोड बोलतात. परक्यांना दाखवा, ती सालं सोलतील," असं म्हणून सरांनी शुक्रवारच्या बाजारातली, बसला अवकाश असलेली माणसं चहाच्या बोलीवर जिना चढवून वर आणली होती.

हसणं थांबलं ते शेवटाला. पडदा काळा झाला आणि लांबून, झाडांपलीकडून एका बाईचा आवाज आला.

"बाऽऽय! गो बाऽऽय! बाऽऽय!"

खोली चिडीचूप. यशोदामावशीचा टोपलीतला हात टोपलीतच राहिला.

तो आवाज निहारच्या आईचा होता. धारगळच्या घरामागे रातकिड्यांची किरकिर टिपायला त्याने माइक लावून ठेवला होता, आणि दिवेलागणीला सुमंगला रोजच्यासारखी मागल्या दारी आली. दोन वर्षांपूर्वी त्याची थोरली बहीण योगिता, कारखान्यात कामाला आलेल्या कोल्हापूरकडच्या प्रमोदबरोबर निघून गेली, ती गेलीच. ना फोन, ना पत्ता. वडिलांनी फर्मान काढलं, या घरात तिचं नाव निघता कामा नये. नाव नाही तर नाही. आई 'बाय' या लाडाच्या नावाने रोज तिला हाक मारायची, आणि आत वडील टीव्हीचा आवाज वाढवायचे. निहारला या सगळ्याची लाज वाटे. सेजलने ती हाक ऐकली आणि तो 'राहू दे' म्हणेपर्यंत ट्रेलरला लावूनसुद्धा टाकली. आवाज कोणाचा म्हणून तिने विचारलं, तेव्हा 'आहे कोणीतरी शेजारची' म्हणून तो मोकळा झाला होता.

दिवे लागले.

"मावशी, शेवटाला भीती वाटली ना?" सरांनी विचारलं.

"काळीज हाललां. पण तां भूत न्हय."

"कशावरून?"

"भूत तीन फावटी हाक मारता खंय? भूत एकदाच मारता. म्हणान तर पयल्या हाकेक ओ देव नये म्हणतत. तीन-तीन फावटी मारता ती आवय."

हाक आईचीच, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. बसचा कंडक्टर म्हणाला, "खरां तां. लहानपणापासून आमी तांच आयकतंव."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, माझी आजीसुद्धा हेच सांगायची! निहार, दोन हाका काप. एकच ठेव. आणि मोठी कर, चांगली मोठी!"

आता बोलावं, सांगून टाकावं, असं निहारला आतून फार वाटलं. पण सेजल तर आनंदाने टाळ्या पिटत होती. त्याने नुसती मान हलवली.

कापायला तोच बसला. तिसऱ्या हाकेत आईचा आवाज फाटत असे. ती आधी काढली, मग दुसरी. उरलेली मोठी करून ऐकली, आणि त्याच्याच अंगावर काटा आला.

ट्रेलर निवडला गेला. महोत्सवाने तो सगळ्यांना बघायला खुला केला आणि बघता बघता फोनाफोनांत पोचला. जो तो निहारची पाठ थोपटू लागला. अभिनंदन झालं की त्याला घरी जावंसंच वाटत नसे.

रविवारी आई आदोळीवर नारळ खवत बसली होती. वडील बाहेर गेले होते.

"शेजारचो जयराम सांगी होतो, तुझो सिनेमा फोनार इलो. दाखय बघूया."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्याने फोन तिच्यापुढे धरला. भुताला बघून ती हसली. मग पडदा काळा झाला.

"बाऽऽय!"

खोबऱ्यावरचा तिचा हात थांबला.

"हो माझो आवाज."

"आई, चुकलां माझां. मी तुका इचारूक..."

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. "हां सगळ्यांका दिसता?"

"व्हय."

"कोल्हापुराक पण?"

"खंयय दिसता."

आणि काय सांगावं, दोन वर्षांत दिसलं नव्हतं ते तिच्या तोंडावर दिसलं. आईला आनंद झाला होता. पदराला हात पुसून तिने फोन स्वतःकडे घेतला, परत लावायला सांगितला, परत ऐकला. मग मान वर केली.

"फुडल्यो दोन खंय?"

"काढल्यो."

"कित्याक?"

"लोकांनी सांगल्यानी."

"घाल परत."

"आता नाय जमाचां, आई. तो महोत्सवाकडे गेलो. आता आमचो हात लागणा नाय तेका."

"सांगान बघ तेंका. पाय धर."

"बघलंय विचारून. नाय म्हणतत."

हे अर्धंच खरं होतं. चोरून त्याने फोन केला होता, ट्रेलर काढून टाका म्हणून.

आईने फोनाची काळी काच पदराने पुसली.

"एका हाकेक ती ओ देवची नाय रे," ती म्हणाली. "मीच शिकयलंय तिका. पयली हाक इली काय गप रवाचां."

निहारने फोन घ्यायला हात पुढे केला, पण तिने तो सोडला नाही.

"परक्या गावात एकटी असतली," आई म्हणाली, "आणि माझी हाक आयकान दाराक कडी घालतली ती."